रोलमधला शेवटचा फोटो

फोटोवाल्याच्या समोर दुकान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, पोत्याखाली साखर साठते तसे. रोज झाडलं तरी दुसऱ्या दिवशी चिमूटभर असतेच. शिरूर कासारात आमचं किराणा दुकान आणि गल्लीपलीकडं नागनाथभाऊंचा ‘उजेड फोटो स्टुडिओ’. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. त्यांच्या दाराला काच होती आणि त्या काचेत आमच्या दुकानाची लांब भिंत जशीच्या तशी दिसायची. गिऱ्हाईक त्याच काचेत बघून भांग पाडायचं, आणि मी गल्ल्यावर बसून त्या गिऱ्हाइकाला बघायचे. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू द्या. सातवी शिकलेल्या बाईला दुपारी वाचायला समोर दुसरं होतं काय?

हे सगळं वर आलं त्याचं कारण, परवा बीडला लेकीकडं गेलते. शोभानं मला नेट कॅफेत नेलं. म्हणाली, आई, बघ तरी जगात कसले कसले लोक असतात! एक माणूस म्हणे नुसत्या दारांचे फोटो काढतो. दुसरा रस्त्यावर पडलेल्या एकट्या चपलांचे. तिसरा रोज सकाळी एकाच जागी उभा राहून एकच कोपरा टिपतो, दहा वर्षं झाली. आणि खाली कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ‘वा, वा’ लिहितात. शोभा हसत होती. मला काही हसू येईना. हेच आमच्या गल्लीत चाललं होतं की! वा म्हणणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक. वा राहू द्या, नागनाथभाऊंनी आयुष्यात एकदा एक भिंत मागितली होती.

ते पुढं येईल. आधी रोलचं सांगते.

*

रंगीत फोटो नवे होते तेव्हाची गोष्ट. एका रोलात छत्तीस फोटो. धुवायला रोल बीडला पाठवावा लागायचा, आणि भरल्याशिवाय भाऊ तो पाठवायचे नाहीत. गिऱ्हाईक विचारायचं, फोटो कधी मिळंल? भाऊ म्हणायचे, रोल संपल्यावर. रोल कधी संपंल? लोकं आल्यावर!

एकदा एका मास्तरांना बदलीच्या अर्जासाठी फोटो हवा होता. अर्ज परवा पोचायचा आणि त्यांचा काढून झाला तरी रोलात अकरा बाकी. मास्तर हुशार माणूस. थेट स्टँडवर गेले आणि नेकनूरच्या गाडीची वाट बघणारी अकरा माणसं फुकट फोटोच्या नावाखाली उचलून घेऊन आले. बाया, बापे, एक म्हातारा तर काखेत कोंबडा घेऊन. धडाधड दहा फोटो झाले. अकराव्याला म्हातारा कोंबडा सावरून स्टुलावर बसला आणि भाऊंनी कॅमेऱ्यावर हात ठेवला.

‘‘न्हाई. शेवटचा माझा असतो.’’

मास्तर हातापाया पडले. म्हणाले, अहो काढा काहीतरी, संपवा! तेवढ्यात तिकडं गाडीचा हॉर्न वाजला. सगळी माणसं उठून पळाली, म्हातारा कोंबड्यासकट. भाऊ शांतपणे दारात आले आणि गाडीमागं पळणाऱ्या अकरा पाठींचा फोटो काढला. खटका ओढला, रोल गुंडाळला, मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांची बदली वेळेवर झाली. ती अकरा माणसं मात्र त्या दिवशी नेकनूरला पोचली नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्याच दुकानासमोर बसून मास्तरांच्या नावानं बोटं मोडत होती.

तर असा त्यांचा नेम होता. पस्तीस फोटो पोटाचे, छत्तिसावा मनाचा.

*

दसरा-दिवाळी झाली की आमचा गाव निम्मा होतो. मुकादमांच्या ट्रका येतात. नवरा-बायको, लेकरं, भांडी, कोंबड्या, सगळं वर चढतं आणि ऊसतोडीला जातं. कोणी जवळच कड्याच्या कारखान्याकडं, कोणी पार खाली सांगली-कोल्हापूरकडं. परत यायचे ते होळीनंतर. तोवर वस्तीवर राहतात चार म्हातारी माणसं आणि दारोदार कुलपं.

भाऊंचं गिऱ्हाईकही त्याच ट्रकांत बसून जायचं. मग रोल भरायचे नाहीत आणि शेवटच्या एकाऐवजी दहा-दहा फोटो भाऊंच्या वाट्याला यायचे. अशाच एका साली ते रोज दुपारी बाराच्या उन्हात कॅमेरा गळ्यात घालून वस्तीकडं जायला लागले.

वस्तीत माणूस नाही. लग्न नाही, बारसं नाही. मग हा जातो कुणाकडं? मी तीन दिवस दम धरला. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोला, सुमनला म्हणाले, बाई, तुझ्या जागी मी असते तर एकदा बघून आले असते. सुमन साधी. तिच्या डोक्यात नव्हतं ते मी घातलं. दोघी पदर ओढून निघालो. कोणी हटकलंच तर असावा म्हणून मी हातात तांब्या घेतला.

वस्तीच्या टोकाला गेलो तर भाऊंचा आवाज. कसा, तर लाडीगोडीचा.

‘‘जरासिक हिकडं सरक... हां, असं. आता बघ कसा उजेड पडला तोंडावर.’’

सुमननं माझा दंड असा आवळला की बांगडी रुतली. कोपऱ्यावरून डोकावलो. एका बंद दारापुढं भाऊ गुडघ्यावर बसले होते आणि दोन बोटांनी कुलूप सरळ करत होते.

सुमन तिथूनच मागं फिरली. दुकानापाशी आल्यावर म्हणाली, ‘‘अक्का, बाई असती तर भांडले असते. कुलपाशी काय भांडू?’’

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. पण हा माणूस हे कशापायी करतो, एवढा एक प्रश्न दोघींपैकी एकीनंही त्याला विचारला नाही. हसण्यातच राहून गेलं.

*

कुलपांचे फोटो काढणारा माणूस म्हणल्यावर गोष्ट जमादारापर्यंत जाणारच. ती मीच पोचवली असं सुमनला अजून वाटतं. मी फक्त पीठगिरणीत बोलले होते.

जमादार आले, स्टुलावर बसले आणि विचारलं, ‘‘चोरांना वाटा दावायलास का बे?’’ मी गल्ल्यावर कान देऊन. भाऊ उठले. आतून पाकीट आणलं आणि टेबलावर एकेक फोटो मांडत गेले. पितळी कुलूप. गंजलेलं कुलूप. पाणी जाऊ नये म्हणून चिंधी गुंडाळलेलं. हळदी-कुंकू लावलेलं. लिंबू-मिरची बांधलेलं. एका दाराला तर सायकलचं कुलूप, कारण सायकल विकलेली.

मग एवढंच म्हणाले, ‘‘सायेब, माणसं गेली की त्यांच्या मागं गावात हेच ऱ्हातं. मी त्यांचं तोंड मनून काढतो.’’

जमादारांचा चहा निवून गेला. बराच वेळ फोटो बघत बसले. उठताना टोपी घातली, दारापर्यंत गेले, परत आले. आवाज अगदी बारीक.

‘‘आमचं गाव परभणीकडं हाय. चार साल झाले, घर बंदच हाय. तिकडं कधी जाणं झालं तर आमच्या कुलपाचा एक आणशाल का?’’

*

या फोटोंनी एकदा भांडण लावलं. वस्तीवरचा किसन तोडणीहून परत आला आणि म्हणाला, घरात शेरडांचा वास येतोय. थोरला भाऊ शेजारीच राहायचा. तो म्हणाला, येडा झालास का? किल्ली तुझ्या कडदोऱ्याला, आत शेरडं काय भिंतीतून जातील? चार माणसं पारावर बसली. कोणाला तरी नागनाथभाऊ आठवले. किसनच्या दाराचे दोन फोटो निघाले, एक दिवाळीनंतरचा, एक संक्रांतीचा. दिवाळीनंतरच्या फोटोत जुनं काळं कुलूप, संक्रांतीच्या फोटोत चकचकीत. आणि किसन परत आला तेव्हा दाराला पुन्हा जुनंच.

थोरला लगेच म्हणाला, ‘‘कुलूप तेच हाय. गंजलंय.’’

‘‘गंजून नवं झालं व्हय?’’ कोणीतरी म्हणालं आणि सगळा पार हसला.

पण थोरला हसला नाही आणि किसनही. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्याकडं चहापत्ती न्यायला आले तर तोंड उतरलेलं. म्हणाले, अक्का, मी काय चोर धरायला काढतो का फोटो? मी म्हणाले, जाऊ द्या हो, बरं झालं, समजलं तरी. ते पुडी घेऊन गेले. तेव्हापासून त्यांनी नेम केला, ज्याचं दार त्यालाच त्याचा फोटो दाखवायचा. दुसऱ्याला नाही.

*

वस्तीवर द्वारका म्हणून एक तोडकरीण. हिच्या दाराला कुलूपच नाही. म्हणायची, आत काय हाय मनून कुलूप लावू? जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडायची आणि कडीला गाठ मारून जायची. गाठ मात्र अशी की सोडवायला तीच पाहिजे. तिच्या आईनं शिकवलेली.

त्या सुमाराला आमच्या दुकानात फोन आला. पिवळी पाटी, काचेचं खोपटं, शोभाचे वडील, म्हणजे आमचे मालक, दिवसातून तीनदा फोन पुसायचे. तोडणीवरून लोकांचे निरोप आमच्याकडं यायचे आणि मला तर काय, सगळ्या तालुक्याचं घरबसल्या समजायचं.

पूस महिन्याच्या थंडीत द्वारकाचा फोन आला. कुठून तरी लांबून, मागं ट्रॅक्टरचा आवाज. लेकीला ताप होता तो उतरला, असं सांगितलं आणि मग विचारलं, ‘‘अक्का, माझी गाठ हाय का दाराला?’’

‘‘हाय गं, तशीच हाय,’’ मी म्हणाले. गादीवरून उठलेही नव्हते. महिनाभरात वस्तीकडं फिरकलेही नव्हते. तिचं मन राहावं म्हणून बोलले.

नागनाथभाऊ दुकानात बाकड्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उठून गेले. तासाभरानं आले आणि माझ्या गुळाच्या पोत्याच्या तोंडाशी सुतळीशी खेळत बसले. पुढ्यात द्वारकाच्या दाराचा फोटो. मी विचारलं, काय करायलाव? म्हणाले, गाठ शिकायलोय. शेरडानं खाल्लीय तिची.

दोन दिवस सुतळी वळत होते. मग सुमनच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून नेला आणि द्वारकाच्या दाराला गाठ मारून आले.

होळीनंतर ट्रक आली. द्वारका डोक्यावरचं बोचकं खाली ठेवते न ठेवते तोच दुकानात हजर. मागं तिचा नवरा, कोयता अजून कमरेलाच.

‘‘अक्का, माझ्या दाराला गाठ कोणी मारली?’’

मी म्हणाले, तूच की.

‘‘माझी न्हाई ती. ती गड्याच्या हातची हाय.’’

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तिचा नवरा माझ्याकडं बघत होता, म्हणजे उत्तर मीच द्यायचं होतं. मी तागडी हातात घेतली. तेवढ्यात समोरून भाऊ आले, दोन फोटो घेऊन. एकात द्वारकाची गाठ, दुसऱ्यात शेरडानं चघळलेली चिंधी. पुढं झालं ते त्यांनी सांगितलं. नवऱ्यानं कोयता काढून पोत्याला टेकवला.

द्वारका आपल्या गाठीचा फोटो लई वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘भाऊ, तिढा उलटा दिलाव.’’ आणि तिथंच, माझ्या सुतळीवर, त्यांना दोनदा गाठ मारून दाखवली.

जाताना माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘अक्का, तुमी तर फोनवर तशीच हाय मनला हुता.’’

मी साखर जोखत राहिले. कोणी मागितली नव्हती.

*

पुढच्या दसऱ्याला मजा झाली. तोडणीला निघालेल्या बाया स्टुडिओपुढं रांगेत. माणसांचे फोटो नको, दाराचा द्या! द्वारकानं आपल्या दाराचा फोटो नेला आणि फडावरच्या पाचटाच्या खोपीत, कुडाला खोचून ठेवला म्हणे. तिचं बघून दुसरीनं, तिसरीनं. सहा महिने खोपीत राहायचं आणि समोर आपलं दार.

तेव्हा भाऊंच्या मनानं घेतलं. होळीनंतर ट्रका परत येतात त्या आमच्याच वाटेनं वस्तीकडं जातात. त्या दिवशी आमच्या दुकानाच्या लांब भिंतीवर सगळ्या दारांचे फोटो एका ओळीत लावायचे. तेवढ्या दिवसापुरता नेम बाजूला, पण एका दाराचा एकच फोटो, म्हणजे पुन्हा भांडण नको. येणाऱ्यानं आपलं दार ओळखायचं आणि फोटो काढून घरी न्यायचा. माझ्याकडं आले, वट्ट्यावर बसले आणि मला वाटतं, सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच एवढं बोलले.

‘‘तुमी न्हवता तवा बी तुमच्या दारावर कोणाची तरी नजर हुती, एवढं त्यांना कळावं. बाकी काय न्हाई, अक्का. एक दिवस भिंत द्या.’’

मी म्हणाले, भिंतीचं काय घेऊन बसलाव, दुकान तुमचंच हाय.

त्यानंतर महिनाभर ते माझ्याकडून बिस्किटांचे रिकामे खोके नेत होते. पुठ्ठे कापायचे, खळ लावायची, फोटो डकवायचे. दीडशेवर दारं झाली होती. द्वारकालाही सांगून ठेवलं होतं, यंदा येशील तेव्हा भिंतीवर तुझी गाठ बघशील.

आणि ट्रका यायच्या चार दिवस आधी एक पेंटर आला. सोबत साबणाच्या कंपनीचा माणूस, गळ्यात टाय. ते दिवसच तसे होते. टीव्हीत दिसायचं ते महिन्याभरात गावच्या भिंतीवर यायचं. म्हणाला, सबंध भिंत फुकट रंगवून देतो, वर तुमच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत. अट एकच, तीन वर्षं भिंतीला दुसरं काही लावायचं नाही, खिळासुद्धा नाही.

आमच्या भिंतीचा चुना पावसानं कधीचाच गेलता. मालक म्हणाले, नागनाथला काय सांगायचं? आता मी विसरले होते म्हणाले तर खोटं होईल. मला चांगलं आठवत होतं. मी म्हणाले, त्याचे फोटो काय, कुठंबी लागतील.

दोन दिवसांत भिंत निळी झाली. त्यावर आंघोळ करून आलेली, ओल्या केसांची, हसणारी बाई, माणसापेक्षा मोठी. आणि वर आमच्या दुकानाचं नाव. सगळी गल्ली बघायला आली. मी वट्ट्यावर उभी राहून सांगत होते, कंपनीचा रंग आहे, दहा वर्षं जात नाही.

भाऊ बघायला आले तेव्हा काखेत पुठ्ठ्यांची चळत होती. मी म्हणाले, शाळेची भिंत बघा ना. शाळेत परीक्षा होत्या. देवळातले म्हणाले, बंद दारं देवळाच्या भिंतीवर नकोत, बरं दिसत नाही. ट्रका आल्या. बाया खाली उतरल्या, भिंतीवरच्या बाईकडं बघून पदरात हसल्या आणि वस्तीकडं गेल्या. द्वारका तेवढी थांबली. तिनं विचारलं तर भाऊ म्हणाले, पुढच्या साली.

मला म्हणाले, ‘‘असू द्या अक्का. भिंत कुठं पळून जातीय?’’

भिंत कुठं गेली नाही. पुढच्या हिवाळ्यात, फोटोसाठी कुणाची तरी मान सरळ करत असताना भाऊंच्या छातीत कळ आली. बीडला न्यायला जीप आणेपर्यंत सगळं संपलं.

*

आता शेवटचा किस्सा.

भाऊ गेल्यावर सुमननं स्टुडिओला कुलूप घातलं. दोन महिन्यांनी आम्ही दोघींनी ती पुठ्ठ्यांची पेटी उघडली. उंदरांनी खळीपायी सगळं कुरतडलं होतं. बिस्किटांच्या खोक्यांना वास असतो, तो त्यांना आधी लागला असणार. निगेटिव्हच्या डब्यात पत्र्यातून पाणी गेलं होतं, सगळ्या चिकटून वडी झालेली. दीडशे दारांतलं एकही वाचलं नाही. वाचली ती खोप्यांमध्ये गेलेली पंधरा-वीस.

होळी झाली, ट्रका आल्या. मी वट्ट्यावरच होते. बाया उतरल्या. कुणाकुणाला आधीच कळलं होतं, कुणाला तिथं कळलं. कोणी रडारड केली नाही. द्वारका स्टुडिओच्या दाराशी गेली. कुलपाला हळदी-कुंकू लावलं. मग बोचक्यातून हिरवा काठ काढला, कुलपाच्या वर कडीला गुंडाळला आणि आपली गाठ मारली. मागून एकेक बाई येऊन हात लावून गेली.

मग ती सुमनला म्हणाली, ‘‘वैनी, ह्याचा एक फोटो पाह्यजे. आमच्या सगळ्यांचे काढले, ह्यांच्या दाराचा कोणी काढला?’’

कोण काढणार? कॅमेरा तर आत. म्हणून गाठ सोडली, कुलूप काढलं, सुमन आत जाऊन कॅमेरा घेऊन आली, परत कुलूप लावलं, परत कुंकू लावलं आणि द्वारकानं परत गाठ मारली. एवढं दुःखाचं काम, पण बाया तोंडाला पदर लावून हसल्याच. सुमननं कॅमेऱ्याचा आकडा बघितला. पस्तीस झाले होते. रोल त्यांच्या हातून तसाच राहिला होता. एकच फोटो बाकी.

कॅमेरा कोणी हातात घेईना. सुमननं तो माझ्यापुढं धरला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘घ्या अक्का. तुमी रोज बघायच्या त्यांना.’’

मी जन्मात कॅमेरा धरला नव्हता. वाटेच्या मधोमध उभी राहिले, पाठीला आमचं दुकान. ऊन लख्ख होतं. डोळा लावला, कुलूप मधोमध घेतलं, भाऊ म्हणायचे तसं मनात म्हणाले, जरासिक हिकडं सरक. आणि बटन दाबलं.

आठ दिवसांनी बीडहून पाकीट आलं. पस्तीस लोकांचे पस्तीस चेहरे आणि खाली तो एक. कुलूप छान आलं होतं. कुंकू, हिरवी गाठ, सगळं स्पष्ट. पण मागं दाराची काच होती आणि काचेत समोरचं सगळं उतरलं होतं. निळी भिंत. ओल्या केसांच्या बाईचं हसू. आणि तिच्या पुढ्यात बारकीशी मी, दोन्ही हातांनी कॅमेरा तोंडाला लावून उभी.

द्वारका तिचा फोटो न्यायला आली. वट्ट्यावर टेकली, फोटो उजेडाकडं धरला, गाठीवरून बोट फिरवलं. मग बोट काचेवर थांबलं.

‘‘अक्का,’’ ती म्हणाली, ‘‘गाठ बेस आलीय. पण ही भिंतीपुढं तोंड झाकून कोण उभी हाय वं?’’